वरचा रुपया

वरोरच्या किनाऱ्यावर राखीपुनवेला बायका भावाला ओवाळतात आणि मग सगळे मिळून दर्याला नारळ द्यायला जातात. वेणूला लग्नानंतर कितीतरी वर्षं ओवाळायला कुणी नव्हतं. एकुलता एक भाऊ खलाशी म्हणून वेरावळकडच्या बोटीवर गेला, तिकडेच त्यानं बिऱ्हाड केलं, आणि मग नुसता फोन येत राहिला. पण राखी आणायला वेणू कधी चुकली नाही. आणायची, देवापुढे ठेवायची आणि संध्याकाळी किनाऱ्यावर गेली की नवऱ्याच्या होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, बांधायची.

नवरा नारू हसायचा. "होडी काय ओवाळणी घालणार गं तुला?"

"घालते की. रोज तुला परत आणून घालते."

नारू मग नारळाला सोनेरी कागद गुंडाळत बसायचा.

अशाच एका राखीपुनवेला सकाळी दारात एक मोटारसायकल थांबली. तिच्यावरून उतरला एक पोरसवदा माणूस. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, काळा कोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरलेला, जणू तान्हं मूल. हा उमेश वकील. तलासरीकडच्या झरीचा, मास्तरांचा मुलगा. सनद मिळून वर्षही झालं नव्हतं. डहाणूच्या कोर्टाबाहेर एका चहावाल्याच्या शेजारी त्यानं टेबल टाकलं होतं. नारूनं त्याला वकील धरलं ते तो स्वस्त होता म्हणून आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा म्हणून.

खटला होता खळ्याचा. खळं म्हणजे मासळी सुकवायचं मोकळं अंगण. वेणूच्या घरामागून थेट वाळूपर्यंत गेलेली ती जागा. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या ताणलेल्या आणि दोऱ्यांवर सगळा हिवाळा बोंबील वाळत असायचे. सासूनं तिथं बोंबील वाळवले, सासूच्या सासूनं वाळवले. पण कागदावर नाव होतं थोरल्या पातीचं, म्हणजे नारूचा चुलतभाऊ तुक्या याच्या बापाचं. तुक्यानं एक दिवस दावा लावला.

"वकीलपत्रावर सही पाहिजे होती," उमेश दारातूनच म्हणाला.

"आज?" नारूनं नारळ खाली ठेवला. "वकीलसाहेब, आज आम्ही घरातलं भांडणसुद्धा उद्यावर ढकलतो. पुनव आहे, पुनव! तुमच्या झरीला नाही का?"

"झरीला दर्या कुठे आहे?" उमेश ओशाळून म्हणाला. "आमच्याकडे या दिवसांत लावणी उरकते की नाही हीच काळजी. परवा कागद दाखल करायचाय म्हणून आलो. चुकलंच."

"आलात तर बसा आता. नारळीभात खाऊन जा."

वेणूनं आतूनच विचारलं, "बहिणी किती तुम्हाला?"

"एकही नाही. आम्ही तिघे भाऊच."

वेणू देवघरात गेली, राखी घेतली, निरांजन लावलं, पाट मांडला. उमेशला वाटलं पाट जेवायला मांडलाय, म्हणून तो ताटाची वाट बघत बसला. ताट आलं ते कुंकवाचं. कपाळाला टिळा लागला, मनगटाला राखी बांधली गेली आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. घाईघाईनं त्यानं खिशातली पन्नासची नोट ताटात घातली. मग पुन्हा खिसे चाचपायला लागला. शर्टाचा, पँटचा, पिशवीतल्या कोटाचासुद्धा.

"राहू द्या हो," वेणू म्हणाली.

"नाही, वरचा रुपया पाहिजे. आमची आई म्हणते, ओवाळणीवर वरचा रुपया नसेल तर तो व्यवहार झाला." शेवटी कोटाच्या अस्तरात एक रुपया सापडला. तो नोटेवर ठेवल्यावर त्याचा चेहरा मोकळा झाला.

निघताना नारूनं विचारलं, "वकील, ती पन्नासची नोट पेट्रोलची होती ना?"

उमेश टाकीचं झाकण उगाच घट्ट करायला लागला. नारूनं शेजारच्या गाडीतून बाटलीभर पेट्रोल काढून आणलं आणि त्याच्या टाकीत ओतलं. त्या वर्षी होडीची नाळ रिकामी राहिली. वेणूनं तिच्यावरून नुसता हात फिरवला आणि म्हणाली, रागावू नको.

पुढं मग ती रीतच पडली. दर राखीपुनवेला उमेश झरीहून यायचा. मोटारसायकलला गोणपाटाची पिशवी, त्यात त्याच्या आईनं रानात लावलेल्या काकड्या. हातभर लांब, फिक्कट हिरव्या, मीठ न लावताही गोड. जाताना वेणू त्याच पिशवीत सुके बोंबील भरून द्यायची. त्याची आई ते बोंबील पुरवून पुरवून खायची आणि निरोप धाडायची, दर्याच्या लेकीला सांग, पाऊसभर घरात वास दरवळतो.

तारखेनंतर कधी हिवाळ्यात आला तर उमेश खळ्यात जाऊन उभा राहायचा. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची, हे वेणूचं काम. त्याला फार हौस. एकदा तो करायला गेला आणि बोंबलाचे दात बोटात रुतले.

"अरे, साक्षीदाराला धरतोस तसा नको धरू," नारू ओरडला. "गालाला धर, गालाला!"

तोवर अहोजाहो गळून पडलं होतं. वेणू त्याला अरेतुरे करायची, तो तिला ताई म्हणायचा. उमेश बोट चोखत हसत होता, वेणूचा लेक प्रविण टाळ्या पिटत होता. मागे दोऱ्यांवर बोंबील चांदीच्या झालरीसारखे हलत होते. वेणूला तो दिवस अजून दिसतो. डोळे मिटले तरच दिसतो असं नाही, भाकरी थापतानासुद्धा दिसतो.

ओवाळणीच्या पैशाचं ती दर वर्षी एकच करायची. नवरात्राच्या आधी डहाणूला जायची, स्टेशनजवळच्या एका गुजराती शेठच्या दुकानात लुगडं घ्यायची. सुरुवातीला ओवाळणी पुरायची नाही, तेव्हा घरचे पैसे घालायची. शेठ ओळखीचा झाला होता. "आवो मासी, भावाचं लुगडं ना?" म्हणत पुढ्यात थप्पी टाकायचा. घरी आली की घडी मोडायच्या आधी ते लुगडं देवापुढे ठेवायची आणि म्हणायची, आई महालक्ष्मी, ज्यानं दिलं त्याला उणं पडू देऊ नको.

कोर्टाचं मात्र उलटं झालं. डहाणूच्या कोर्टात निकाल तुक्याच्या बाजूनं लागला. उमेश ते सांगायला घरी आला तो उंबऱ्यावरच बसला. नारूनंच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"वर कोर्ट आहे ना अजून?"

"आहे. अपील करू. मुदतीच्या आत करावं लागेल."

अपिलाची फी आणि कोर्टाचा खर्च म्हणून नारूनं त्या हंगामाचा सगळा बोंबील एकाच व्यापाऱ्याला उचलून दिला आणि आलेले पैसे फडक्यात बांधून उमेशच्या हातात ठेवले. पावती मागायची कुणाच्या मनातही आलं नाही. ज्याच्या मनगटाला आपली राखी, त्याच्याकडे पावती काय मागायची! तुक्या तर तेव्हा बोईसरला कारखान्यात लागला होता. त्याला कागदावर जिंकल्याचं समाधान पुरे होतं. खळं होतं तसंच वेणूच्या हाताखाली राहिलं.

उमेश येत राहिला. "अपिलाचं काय?" नारू विचारायचा. "तारखा पडताहेत," तो म्हणायचा आणि काकडी चिरायला सुरी मागायचा. आता तो बोलताना तोंडाकडे बघायचा नाही, काकडीकडे बघायचा. पण हे ध्यानात आलं ते फार उशिरा. तेव्हा ध्यानात आलं ते एवढंच, की ओवाळणी वाढली. पूर्वी नोट असायची, आता नोटा असायच्या. वेणू बोरिंगवर पाणी भरताना सांगायची, "माझ्या भावाची वकिली चालायला लागली गं बाई."

मग नारू गेला. रात्री छातीत दुखलं आणि पहाटे संपलंच. उमेश आला, ओट्यावर दिवसभर बसून राहिला, आत आला नाही. बायकांना वाटलं, किती जीव लावला होता वकिलानं.

होडी विकली. प्रविण कारखान्यात जायला लागला, सून आली, हर्षदा. वेणू खळं सांभाळत राहिली.

वाढवणच्या बंदराचं बोलणं सुरू झाल्यापासून किनाऱ्यालगतच्या पडक्या कुंपणालासुद्धा भाव आला होता. दिवाळी होऊन गेली होती, पहिले बोंबील दोऱ्यांवर चढले होते, आणि एका सकाळी तुक्या आला. सोबत कोर्टाचा माणूस, मागे जेसीबी.

वेणू धावली. "तुक्या, अपील चालू आहे ना रे? असं कसं मोडतोस?"

तुक्याचं तोंड खरंच उघडं राहिलं. "कुठलं अपील, वहिनी? मला एक नोटीस नाही आली आजवर."

"उमेश वकिलानं केलंय."

"केलं असतं तर मला कळलं नसतं का?" तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. "बोंबील काढून घ्या आधी. मी थांबतो."

तो थांबला, हे खरं. वेणूनं आणि हर्षदानं बोंबील उतरवले, टोपल्या भरल्या, आणि मग बांबू पडले. प्रविण वरच्या कोर्टात जाऊन आला. अपील नावाचं काही कधी दाखलच झालं नव्हतं.

त्यानं उमेशला फोन लावला. फोन वाजत राहिला. दुसऱ्या दिवशीही वाजत राहिला. तेव्हा प्रविणनं कुणाकडून तरी माहिती काढली, की वकिलानं फी घेऊन काम केलं नाही तर बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. तिथं वकिलांचीच समिती बसते, चौकशी करते, सनद काढूनसुद्धा घेते. त्यानं तक्रार लिहून आणली. वेणूनं सही केली. त्या दिवशी खळ्यात कुंपणाच्या तारा लागत होत्या आणि त्या ताणल्याचा आवाज घरात येत होता.

उन्हाळ्यात उमेशचं उत्तर आलं. वेणू कोलंबी सोलत होती, हर्षदा वाचून दाखवत होती. वाचता वाचता ती अडखळली.

"वाच की."

"आई, त्यांनी लिहिलंय... अपील दाखल करायचं राहिलं हे मान्य. पण घेतलेली सगळी फी तक्रारदाराला दर वर्षी, रक्षाबंधनाच्या दिवशी, तिच्या घरी जाऊन हप्त्याहप्त्यानं परत केली."

वेणूच्या हातातली कोलंबी तशीच राहिली.

"ताटात घातलेले पैसे?"

"तेच. रकमा पण लिहिल्यात. बेरीज बरोबर फीएवढी येते."

खळं गेलं तेव्हा वेणू भिंतीला डोकं टेकून मनसोक्त रडली होती. हे ऐकून तिला रडू आलं नाही. ती उठली, हात धुतले, ट्रंक उघडली. भावाची म्हणून वेगळी ठेवलेली लुगडी एकेक करून बाहेर काढली आणि बघत बसली. जमीन गेली ती कोर्टानं नेली म्हणता येत होतं. पण एवढ्या वर्षांत आपण ओवाळलं ते कुणाला? पाटावर बसायचा तो भाऊ होता की हप्ता फेडायला आलेला माणूस? आता तिला एवढंच कळायला हवं होतं. पैसे, सनद, शिक्षा, हे सगळं प्रविणचं. तिचं एवढंच.

"तक्रार मागे घेऊ का रे?" तिनं एकदा विचारलं.

"आता घेतली तरी ते चौकशी थांबवत नाहीत," प्रविण म्हणाला. "हे तुझं-त्याचं भांडण नाही राहिलं. वकील म्हणून तो कसा वागला, ते बघणार. आणि हे बघ आई, तिथं विचारतील, पैसे दिले का. तू सरळ सांग, नाही दिले. ना साक्षीदार ना पावती. त्यानं फीची दिली नाही, आपणही ओवाळणीची दिलेली नाही. फिटंफाट."

"नाही दिले म्हणू?"

"मग काय हो म्हणणार? हो म्हणालीस की तो सुटला."

"अरे, ज्याला ओवाळलं त्याचं दिलेलं नाही म्हणायचं नसतं. त्याच्या आयुष्याला लागतं ते."

"त्यानं आपल्या आयुष्याला लावलं ते?"

त्या वर्षी राखीपुनवेला तिनं राखी आणली, सवयीनं. उमेश येणार नव्हताच. होडीही नव्हती. राखी देवापुढे पडून राहिली.

थंडीत सुनावणीची तारीख आली. वाणगावहून सकाळची गाडी धरून मायलेक मुंबईला गेले. वेणूनं डब्यात भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी घेतली होती. समितीच्या खोलीत मोठ्या टेबलामागे तिघे बसले होते. मधले म्हातारे अध्यक्ष, एका बाजूला चष्म्यातल्या बाई, दुसरीकडे एक गृहस्थ सारखे लिहीत होते. समोरच्या खुर्चीत उमेश. वाळला होता. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. त्याच्या शेजारी त्याची बाजू मांडणारे मुंबईचे वकील होते. उत्तर त्यांनीच लिहिलं होतं.

वेणूनं शपथ घेतली. ते वकील उठले. आवाज गोड.

"मावशी, माझे अशील दर वर्षी तुमच्या घरी यायचे ना?"

"यायचे."

"आणि तुमच्या हातात पैसे द्यायचे?"

प्रविण खुर्चीत पुढं सरकला. वेणूनं त्याच्याकडे बघितलंच नाही.

"हातात नाही. ताटात घालायचे."

"पण द्यायचे?"

"द्यायचे."

"फी घेतल्यानंतरच्या वर्षांतही दिले?"

"दिले. नंतर तर जास्तच दिले."

प्रविणनं कपाळ हातात धरलं. वकील अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "आणखी काही विचारायचं नाही."

चष्म्यातल्या बाई मात्र वेणूकडे बघत होत्या. "मावशी, थांबा. ते पैसे तुम्ही कसले म्हणून घेतले?"

"ओवाळल्यावर ताटात पडतात ते आणखी कसले असतात, बाई?"

"मग काय केलंत त्यांचं?"

"काय करणार? नेसून आलेय की."

लिहिणारे गृहस्थ हसले, अध्यक्षांनाही हसू आवरेना. वेणूला कळेना, हसण्यासारखं काय झालं. तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं, लाल काठाचं. उमेशच्या शेवटच्या ओवाळणीचं. ती पदर पुढं करून दाखवायला लागली.

अध्यक्षांनी चेहरा सावरला आणि उमेशकडे बघितलं. "तुम्ही सांगा. ताटात घातलेली रक्कम ही फीची परतफेड होती?"

मुंबईचे वकील अर्धे उठले. "साहेब, आमच्या उत्तरात..."

"बसा तुम्ही. उत्तराखाली सही यांची आहे. यांनाच बोलू द्या."

उमेश उठला. लुगड्याच्या काठाकडे बघत राहिला. मग त्यानं मान वर केली आणि वेणूच्या तोंडाकडे बघितलं, पूर्वी बघायचा तसं.

"नाही साहेब. ओवाळणी होती."

"विचार करून बोला. याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत."

"माहीत आहेत. फीमधला एक पैसा मी परत केलेला नाही. उत्तरातल्या रकमा बेरीज जुळावी म्हणून लिहिल्यात. बायको तेव्हा वापीला दवाखान्यात होती, तिच्या औषधपाण्यात सगळे गेले. मुदत टळली. उशीर माफ करा असा अर्ज करता आला असता, तोही केला नाही. यांना सांगायची लाज वाटली. मग तेच खोटं पुढं ढकलत राहिलो. मन खायचं म्हणून ओवाळणी जास्त घालायचो. पण साहेब, प्रत्येक वेळी वर एक रुपया ठेवलाय. हप्त्यावर कोणी वरचा रुपया ठेवत नाही."

त्याचे वकील कागद गोळा करायला लागले. वेणू पदर हातात धरून तशीच उभी होती. तिला हवं होतं ते मिळालं होतं आणि ते मिळण्यानं समोरच्या माणसाचं सगळं जाणार होतं, हे दोन्ही तिला एकदमच कळलं. देवी कधी कधी असं देते, एका हातानं ओटी भरते आणि दुसऱ्या हातानं काही काढून घेते.

बाहेरच्या जिन्यापाशी उमेश शेजारून गेला. वेणूच्या तोंडून निघून गेलं, "जेवलास का रे?"

त्यानं नुसती मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

"अजून त्याला जेवायचं विचारतेस?" प्रविण दातओठ खात म्हणाला.

"मग काय उपाशी जा म्हणू?"

परतीच्या गाडीत प्रविण डहाणूकरांच्या एका घोळक्यात जाऊन उभा राहिला, आईशेजारी बसला नाही. वेणूनं डबा उघडला. अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी ठेवली.

चैत्रात ती महालक्ष्मीच्या यात्रेहून आली त्याच दिवशी निकाल घरी आला होता. उमेशची सनद दोन वर्षांसाठी स्थगित, आणि घेतलेली फी परत करायची. ओवाळणी त्यातून वळती करायची नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. हर्षदानं ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. महिनाभरात पैसेही आले. रीतसर, बँकेतून. प्रविणनं कुठून तरी ऐकून आणलं, की वकिलानं मोटारसायकल विकली.

"झालं समाधान?" वेणूनं विचारलं.

"तुला नाही झालं?"

"खळं येणार आहे का परत?"

"नाही."

"मग जेव आता. मासळी गार होतेय."

पुन्हा राखीपुनव आली. वेणूनं या वर्षी नवी राखी आणली नाही. मागच्या वर्षीची देवापुढे होतीच, निरांजनाच्या काजळीनं जरा काळवंडलेली. सकाळी नारळीभाताचा गूळ किसताना हर्षदा म्हणाली, "आई, पाट मांडू का?"

"कशाला? कोण येणारेय?"

"नाही, आपलं विचारलं."

"मांडून ठेव. बसायला होतो."

दुपार कलली. गावातून वाजंत्र्यांचा आवाज यायला लागला होता, पोरं सोनेरी नारळ घेऊन घरोघर फिरत होती. दारात रिक्षा थांबली. उमेश उतरला. अंगात साधा पांढरा सदरा, हातात गोणपाटाची पिशवी. उंबऱ्यापाशी येऊन तो तसाच उभा राहिला. आतल्या खोलीत प्रविणनं टीव्हीचा आवाज वाढवला.

"काकड्या आणल्यास की बाहेरच ठेवणारेस?" वेणू म्हणाली.

"आईनं पाठवल्यात." तो पुढं काही बोलू लागला. "ताई, मी..."

"पाटावर बस. सूर्य बुडायच्या आत मला दर्यावर जायचंय."

तो बसला. तिनं कुंकू लावलं, जुनी राखी बांधली. त्यानं ती ओळखली असावी, कारण तिच्यावरून त्यानं बोट फिरवलं. ओवाळून तिनं ताट पुढं धरलं. उमेशनं खिशात हात घातला. बराच वेळ हात खिशातच होता. मग त्यानं ताटात एक रुपयाचं नाणं ठेवलं. नुसतं तेवढंच.

वेणूनं नाण्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"वरचा आणलास. खालचे कुठायत?"

उमेशच्या ओठांना हसू फुटलं आणि फुटता फुटताच डोळे भरले. "सनद आली की घालीन, ताई."

"घाल. मी कुठे जातेय." तिनं त्याच्या तोंडात नारळीभाताचा घास घातला, म्हणजे त्याला बोलायला नको आणि तिलाही ऐकायला नको. आतून टीव्हीचा आवाज कमी झाला. प्रविण बाहेर आला नाही, पण हर्षदानं चिरलेली काकडी आत नेली ती ताटली रिकामी परत आली.

निघायची वेळ झाली तेव्हा वेणूनं गोणपाटाची पिशवी उचलली आणि आत गेली. जरा वेळानं ती भरून आणून उमेशच्या हातात दिली. सुक्या बोंबलांचा वास दारभर पसरला. पिशवी हातात घेताच उमेशचा हात थबकला. पूर्वी ती घेताना दोन्ही हात लागायचे.

वेणू त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती. तिकडे तारेचं कुंपण होतं आणि आत गवत माजलं होतं.

"आईला सांग," ती म्हणाली, "या वर्षीचे घरचे नाहीत. चिंचणीच्या बाजारातून विकत घेतलेत. तिला चव कळेलच, पण तू आधी सांग."

"सांगतो," उमेश म्हणाला.

आणि या वेळी तो सांगेल, हे वेणूला ठाऊक होतं.